शेजारणींनी ठेवलेलं नाव

रूथची गोष्ट संपायला चार ओळी उरल्या होत्या, आणि अकिन्यी वाचता वाचता थांबली.

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्या मराठी ख्रिस्ती घरात बारशाला वीसेक बायका जमल्या होत्या. पाळणा सजला होता, बाळ सासूबाईंच्या, रत्नाबाईंच्या मांडीवर होतं. नाव बायकांनी आठवड्यापूर्वीच व्हॉट्सॲपवर ठरवून टाकलं होतं: देवदत्त. बाळाच्या आईला विचारायचं तेवढं राहून गेलं. केनियाची सून, तिला आपल्या नावांतलं काय कळणार? तिच्या हाती बायबल दिलं की झालं. परक्या देशातून येऊन सासूला जीव लावणारी रूथ! सुनेला याहून शोभेसा उतारा कुठला?

"वाच ना गं," नणंद हिमानी म्हणाली. "मग मी नाव सांगते. आत्याचा मान आहे तो."

"मूल रूथला झालं," अकिन्यी म्हणाली. तिचं मराठी मोडकं होतं, आवाज नव्हता. "पण मांडी सासूची. शेजारणी म्हणतात, सासूला मुलगा झाला. नावपण त्याच ठेवतात. मग रूथ कुठे गेली?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. उतारा सगळ्यांना तोंडपाठ होता, पण शेवटी रूथ दिसतच नाही हे आजवर एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"देवदत्त नावात वाईट काय आहे?" रत्नाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. छान आहे." अकिन्यीने बायबल मिटलं. तिला भीती वाटत होती. हे घर तुटलं तर अख्ख्या अमेरिकेत तिचं दुसरं कुणी नव्हतं. तरी ती उठली आणि तिने सासूच्या मांडीवरून बाळ उचललं. "आमच्याकडे मूल ज्या वेळी येतं, त्या वेळेचं नाव त्याला मिळतं. हा पहाटे आला. याचा बाबा, शैलेंद्र, हॉस्पिटलबाहेर पार्किंग शोधत होता. तुम्ही सगळ्या झोपला होता. मी जागी होते."

तिने बाळाच्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओमोंडी."

हिमानीचा चेहरा उतरला. "म्हणजे आम्ही काय नुसती पाळण्याची दोरी ओढायला आलो?"

"हो," बाळाला पाळण्यात ठेवत अकिन्यी म्हणाली. "आणि हळू ओढा. ओमोंडीला झोप आलीय."