डावीकडे वळताना

इर्मेलीच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेला वीस मिनिटं उरली होती आणि परीक्षा केंद्राच्या आवारात तिचा नवरा गाडीत उलटा घुसला होता. पाय दाराबाहेर, डोकं क्लचखाली.

"ताइस्तो, काय चाललंय?"

"काही नाही," क्लचखालून उत्तर आलं.

गाडी चौतीस वर्षांची होती, तिकडच्या सगळ्या गाड्यांसारखी स्टिअरिंग डाव्या बाजूला असलेली. उजवीकडे वळताना गप्प असायची. डावीकडे वळवली की स्टिअरिंगच्या दांड्यातून मांजर चिरडल्यासारखा आवाज यायचा. मागच्या परीक्षेत इर्मेलीला खरंच मांजर वाटलं. तिने भर चौकात गाडी उभी केली, उतरली आणि वाकून खाली पाहिलं. परीक्षक लेहतोवाराही उतरले, वाकले. मांजर नव्हतं. दोघं परत आत बसले आणि ती नापास झाली.

ही काय, आधीची काय, चाळीस वर्षं घरची गाडी ताइस्तोनेच चालवली होती. मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याचा परवाना थांबवला. नजरेचा मधला भाग गेला होता, कडा तेवढ्या शाबूत होत्या. घरापासून दुकान अडतीस किलोमीटर, बस फक्त मंगळवारी. आज इर्मेली पास झाली नाही, तर घर विकून शहरात जायचं ठरलं होतं. मुलाने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. तिथे लिफ्ट होती. मुलगा लिफ्टबद्दल फार बोलायचा.

"दांडा खाली आत जातो ना, तिथलं रबर सुकतं," पिर्को म्हणाली. पिर्को शेजारीण. रीतसर परवानगी काढून, आपल्या बाजूला जादा ब्रेक बसवून, तिनेच इर्मेलीला गाडी शिकवली होती. "सिलिकॉनचा फवारा मार म्हणून कालच सांगितलं मी याला."

ताइस्तो बाहेर आला. हातात छोटा डबा. वास आधी पोचला.

"डांबर?" इर्मेली म्हणाली.

"पाइनच्या लाकडाचं आहे. अस्सल." होडीला, छपराला, खाजेला आणि सर्दीला ताइस्तोकडे हेच एक औषध होतं. "होड्यांना तीनशे वर्षं चाललंय."

"ही होडी नाहीये."

"म्हणून तर थोडंच लावलं." तो सीटवर बसला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी डावीकडे टोकापर्यंत फिरवलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आवाज नाही. त्याचा चेहरा खुलला. हात त्याने त्यानंतर पुसले.

तेवढ्यात लेहतोवारा कागद लावलेली पाटी घेऊन आले. इर्मेली बसली, पट्टा लावला, स्टिअरिंगचं चाक धरलं, आणि चाकाने तिला धरलं.

काही बोलायची सोय नव्हती. गाडी निघाली. गिअर बदलायचा तर उजवा तळहात चाकावरून सोलून काढावा लागे. प्रत्येक वेळी चर्र असा आवाज होई आणि लेहतोवारा पाटीवरून मान वर करत. डावा हात तिने सोडवायचा नाद सोडला. चौकात तो चाकाबरोबर जाईल तिथे गेला. कोपर नाकासमोरून निघून गेलं आणि चाक सरळ झाल्यावर परत आलं.

मग मागच्या परीक्षेतल्या त्याच चौकात ती डावीकडे वळली. श्वास रोखून ऐकलं. काहीच नाही. फक्त इंजिन.

"मांजर?" लेहतोवारांनी विचारलं.

"बरं झालं त्याला."

लेहतोवारांनी नाकाने लांब श्वास घेतला. "माझ्या आजोबांची होडी," ते म्हणाले. आणि पाटीवर काहीतरी लिहिलं.

आवारात गाडी उभी करून इर्मेली वाट बघत बसली. लेहतोवारा लिहीत होते. त्यांना लिहायला फार वेळ लागत होता.

"हल्लीची पोरं एका बोटाने चालवतात," ते शेवटी म्हणाले. "तुमचा डावा हात चाळीस मिनिटांत एकदाही सुटला नाही. असं मी आजवर पाहिलं नव्हतं. पास आहात, बाई."

त्यांनी हात पुढे केला. ते हस्तांदोलन दोघांच्याही अपेक्षेपेक्षा बरंच लांबलं. तात्पुरता परवाना तिच्या तळहाताला चिकटूनच गाडीबाहेर आला.

परतताना पिर्को न विचारता मागे बसली आणि झोपी गेली. ताइस्तो आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीत उजवीकडे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसला. समोर त्याला धूसर डाग दिसत होता, म्हणून तो समोरच बघत राहिला. कडेला जे यायचं ते दिसत होतं.

"त्या जादा ब्रेकवरचा पाय काढ," इर्मेली म्हणाली.

"ठेवला नव्हता."

"ठेवला होतास."

त्याने पाय काढला. बराच वेळ बर्चची झाडं गेली. मग त्याने विचारलं, "ते पिवळं घर नवीन आहे का?"

"मी लग्न करून आले तेव्हापासून आहे."

"आणि ती बाई? अंगणात सतरंजी धोपटतेय ती. आपल्याला हात करतेय."

"करतेच ती. नेहमी. इतकी वर्षं मी त्या बाजूला बसायचे, मी उत्तर द्यायचे."

"कोण आहे?"

"काय माहीत. तू कधी थांबलास थोडाच? लवकर, ताइस्तो, घर मागे पडेल. मी गाडी चालवतेय."

ताइस्तोने हात वर केला. पिवळं घर मागे पडलं, वळण गेलं, तरी त्याने तो खाली घेतला नाही.