वरची फळी

ओव्हनचा दिवा बंद होता. तिने काचेला हात लावला. काच गार.

आत डबा नव्हता. तिने वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, पुन्हा वरचा.

"शोधू नकोस," मागून लंबू म्हणाला. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या त्या उंच पोराला सगळी प्रयोगशाळा याच नावाने हाक मारायची. "शुक्रवारी ओव्हन चालू ठेवून तशीच गेलीस. तुझा डबा मी फ्रिजमध्ये ठेवला. कॉफी तुझ्याकडून!"

तो इतक्या भल्या मनाने हसत होता, की तिला ओरडताही येईना.

"विसरले नव्हते रे. त्या तापवायच्याच होत्या."

डब्यात तापाचं निदान करणाऱ्या पट्ट्या होत्या. आजार असला तर रक्ताचा थेंब टाकताच रेघ उमटते. उन्हाने बिघडल्या की रेघ येत नाही, आणि आजारी पोर 'काही नाही' म्हणून घरी जातं. तिने पट्ट्यांवर साखरेचा पातळ थर दिला होता. तो उष्णतेत टिकतो का, एवढंच पाहायचं होतं. आता सगळं पहिल्यापासून.

लंबूचा चेहरा पडला. ती बाहेर गेली, कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी ताईला फोन लावला. लढाई पेटली तेव्हा अर्धं गाव सीमेपार पळालं, त्यात ही धाकटी बहीणही होती. नर्स असलेली ताई मात्र दवाखाना सोडून हलली नव्हती.

"ताई, उशीर होणार गं."

"साथ थांबायची नाही तुझ्यासाठी. काल एका पोराला काही नाही म्हणून घरी पाठवलं. आज त्याची आई त्याला खांद्यावर टाकून परत आली."

"कसा आहे?"

"सलाईन लावलंय. बघू." मग तिने विचारलं, "किती तापवतेस तू त्या?"

"पंचेचाळीस."

ताई हसली. "बाईसाहेब, एवढं तर माझ्या ओसरीवर असतं. पट्ट्या आत असतात, वरच्या फळीवर, पत्र्याला लागून. खाली पाणी शिरतं. विसरलीस? तूच ठोकलीस की ती फळी!"

तिचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते, फोन खांद्याने कानाशी दाबलेला.

आत येऊन तिने स्वेटर काढून खुर्चीवर फेकला. ओव्हनचं बटण फिरवलं. पंचेचाळीस. पन्नास. जराशी थांबली, आणखी फिरवलं.

"एवढ्या उष्णतेत मरतील त्या," लंबू हळूच म्हणाला.

"मग थर बदलायचा."

ओव्हन घुमू लागला. ती नखं खात समोर उभी राहिली. मग एकाएकी तिने दार उघडलं, डोळे मिटले आणि डोकं आत घातलं.

"अगं, भाजशील!" लंबू धावला.

"थांब," ती आतूनच म्हणाली. "अजून घराइतकं तापलं नाही."