वाकड्या चकत्या

“सरळ कापतोय, हीच तक्रार आहे,” मास्तर म्हणाले.

धारवालीनं चष्मा वर सरकवला. जुनी पाती उजळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण असलं गाऱ्हाणं घेऊन अजून कुणी आलं नव्हतं. टेबलावर गंजलेला, सैल मुठीचा चाकू होता. पलीकडे गणिताचे निवृत्त मास्तर उभे होते आणि चेष्टा करताहेत असं तर अजिबात दिसत नव्हतं.

चाकू मूळचा त्यांच्या आईचा. आईनं तो सुनेच्या हाती दिला आणि तिनं जन्मभर त्याच चाकूवर स्वयंपाक रेटला. पण तिची काकडीची चकती कधी धड निघाली नाही. एका कडेला जाड, दुसरीकडे नुसता पापुद्रा. सासूबाई नाक मुरडायच्या. मास्तर जेवताना “भूमितीत नापास” म्हणायचे. ती हसायची आणि मुद्दाम आणखी दोन वाकड्या चकत्या त्यांच्या ताटात टाकायची. ती गेल्यावर चाकू ओट्याखाली पडून राहिला. परवा मास्तरांनी तो काढला, जमेल तसा पुसला आणि स्वतः काकडी कापली. चकत्या एकसारख्या पडल्या. त्यांनी ताट बाजूला सारलं.

“काहीतरी बिघडलंय त्याचं. पूर्वीसारखा करून द्या. तिच्यासारखी एक तरी चकती पडू दे.”

धारवाली वाद घालत बसली नाही. तिनं तेल सोडलं आणि गंज घासायला घेतला. पातं हळूहळू उघडं पडलं. तिनं ते उजेडात धरून दोन्ही अंगांनी पाहिलं. एक अंग सपाट होतं, धारेचा उतार फक्त दुसऱ्या अंगाला.

“मास्तर, बाई डावखुऱ्या होत्या का?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“हा उजव्या हाताचा चाकू आहे. एकाच अंगाला उतार. डाव्या हातानं धरला की पातं तिरकं ओढणारच, कितीही जपून कापा. त्यांचं काही चुकत नव्हतं.”

मास्तर स्टुलावर टेकले. एवढी वर्षं ती हसत कशी राहिली, ते त्यांना उमगेना. ती आत्ता, या क्षणी समोर हवी होती. तिचं काही चुकत नव्हतं, फक्त एवढं सांगायला.

धारवालीचा आवाज खाली आला. “उतार दुसऱ्या अंगाला घेऊन चाकू डाव्या हाताचा करता येतो. पातं बरंच झिजेल. पण मग तुमच्या उजव्या हातानं थेट त्यांच्यासारख्या वाकड्या चकत्या पडतील. तेच हवंय ना?”

मास्तरांनी सपाट अंगावरून बोट फिरवलं.

“चकत्यांचं राहू द्या,” ते म्हणाले. “पण उतार बदलाच. निदान आता तरी हा चाकू तिच्या हाताचा होऊ दे.”