विडीवर खुरप्याचा उतारा

निमोण्याच्या सोपानआप्पांना शिरूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून सांगितलं, "पुढच्या सालचा कांदा बघायचा असेल तर विडी आजच सोडा." आप्पांनी सोडली. तलफ आली की ते खुरपं घेऊन कांद्यात बसायचे आणि गवतावर असा राग काढायचे, की आठ दिवसांत त्यांच्या एकरात गवताची काडी उरली नाही. खोटं वाटत असेल तर त्यांच्या शेळीला विचारा. ती उपाशी राहायला लागली.

शेजारच्या ईश्वरच्या कांद्यात मात्र गुडघाभर गवत. बाया सकाळीच कंपनीच्या गाडीत बसून जायच्या, खुरपायला कोणी मिळेना. ईश्वरनं जन्मात विडी ओढली नव्हती. पण त्यानं एक बंडल आणलं आणि वाऱ्याची दिशा बघून रोज बांधावर बसून विडी ओढायला लागला.

धूर नाकात शिरला की आप्पा कळवळायचे. "मुडद्या, लांब जाऊन ओढ की!"

"लईच तलफ आली का, आप्पा? या की मग, माझं बी रान हाय. उपटा बिनघोर."

महिन्याभरात ईश्वरचं रान अंगणासारखं स्वच्छ झालं.

यंदा त्याच डॉक्टरांनी ईश्वरला विडी सोडायला लावलीय. स्वतःच्या रानातलं गवत संपवून तो आता रोज आप्पांच्या कांद्यात खुरपत असतो, आणि बांधावर बसलेले आप्पा कानावरची न पेटवलेली विडी चाचपून मायेनं विचारतात, "तलफ कमी पडती का रं, ईश्वर? काडेपेटी हाय माझ्याकडं."