मालक कोण?

वेणूबाईच्या सोनूला पहिली मुलगी झाली ते साल दोन हजार चार. नातीचं बारसं उरकून वेणूबाई हडपसरला परतली आणि दुसऱ्याच दिवशी, भाकऱ्यांचं काम ऐन रंगात असताना, तिच्या खानावळीत एक मुलगी फॉर्म घेऊन आली. सलोनी तिचं नाव. बायकांनी सुरू केलेले व्यवसाय कशामुळे टिकतात, यावर तिच्या संस्थेचं संशोधन चाललं होतं. त्यातून निवडलेल्या बायकांना नव्या आयटी पार्कच्या कँटीनमध्ये जागा मिळणार होती. वेणूबाईचं पत्र्याचं छप्पर रस्तारुंदीकरणात जाणार होतं. तिला ती जागा हवीच होती.

“व्यवसाय का सुरू केलात? गरज म्हणून, की संधी दिसली म्हणून?”

“कंपनीतल्या पोरांना भूक लागायची. आमच्या घरात बी लागायची. ह्याला काय म्हणत्यात ते तुम्हीच लिवा.”

“मावशी, एकालाच टिक करायची असते.”

“मग मधोमध करा.”

सलोनी हसली. पुढचा प्रश्न तिने वाचला. “मालक कोण?”

वेणूबाईचा थापता हात थांबला. पदर सारखा करून ती अगदी हळू म्हणाली, “उत्तरेश्वर.”

बाहेरच्या पाटीवरही तेच नाव होतं. सलोनीने ते लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. “सॉरी मावशी. पुरुष मालक असेल तर फॉर्म बाद होतो.”

पिठाच्या परातीपाशी बसलेली मदतनीस कौशल्या फिसकन हसली. “अगं, ती खानावळीचं विचारतीय! तू काय उखाणा घ्यायला बसलीस?”

“खानावळीची मालक मीच की,” वेणूबाई गडबडीने म्हणाली.

“मग पाटीवर त्यांचं नाव कसं?”

“नवी खानावळ, त्यात वर बाईचं नाव. कोण आलं असतं जेवायला?”

सलोनीला ते पटेना. “म्हणजे सुरू त्यांनी केली, आता चालवता तुम्ही. तेही बसत नाही हो यात. मी एकदा त्यांनाच विचारते. कधी भेटतील?”

कौशल्याने मान खाली घालून पीठ मळायला घेतलं. वेणूबाईने तव्यावरची भाकरी काढून ठेवली आणि हात पुसले.

“टोपण काढा, ताई. खानावळ सुरू झाली सत्त्याण्णवच्या पाडव्याला,” ती म्हणाली. मग खणखणीत आवाजात नाव घेऊन तिने सांगितलं, “उत्तरेश्वर वारले पंच्याण्णवच्या आषाढात.”