आजी उठेना

चोराची बाहुली आजीच्या उशाशी येऊन थांबली. आजी घोरत होती. आता मुलांनी ओरडायचं, आजीने दचकून उठायचं आणि चोराने मार खायचा. बारा वर्षं हा खेळ असाच चालत आला होता. मुलं ओरडल्याशिवाय आजी उठत नाही, एवढाच त्याचा नियम.

पण आज शाळेच्या सभागृहात दोनशे मुलं हाताची घडी, तोंडावर बोट अशी बसली होती. बाहुलीवालीने पडद्यामागून वाट पाहिली. चोराने खोकून बघितलं, पाय आपटून बघितले. दोनशे मुलं आणि चकार शब्द नाही. मुलं होती की पुतळे?

हातातला चोर तसाच घेऊन ती पडद्याबाहेर आली. पहिल्या रांगेत खुर्चीवर मोठ्या बाई बसल्या होत्या.

"बाई, त्यांना ओरडू द्या. त्यांच्याशिवाय खेळ पुढे जात नाही."

"तुम्ही करा की तुमचं. बघतायत ना ती? मागे तो जादूगार येऊन गेला, तर नुसता बाजार मांडला होता पोरांनी. आमच्याकडे शिस्त असते."

बाहुलीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पडद्यामागे आली, तर साथीला आलेला भाऊ घंटा घेऊन तयारच.

"मी वाजवतो. आजीला उठव आणि मोकळी हो."

"हात लावू नकोस घंटेला," ती म्हणाली. "उठवायचं तर त्यांनीच. नाहीतर जाऊ दे सगळं."

चोराने हंडा नेला. मुलांकडे एकदा बघितलं. मग दिवा नेला, पेटी नेली, पांघरूण ओढून नेलं, शेवटी आजीची खाटसुद्धा नेली. आजी जमिनीवर घोरत राहिली. पुढच्या पोरांचे डोळे भरून आले, पण तोंडावरचं बोट काही हललं नाही. पडदा पडला.

मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत? एवढी गुणी मुलं कुठे मिळायची नाहीत तुम्हाला."

बाहुलीवालीच्या तोंडात शिवी आली होती, ती तिने गिळली आणि बाहुल्या आवरायला घेतल्या.

तिसऱ्या रांगेत एका चिमुरडीचा हात वर होता. कधीपासून होता कोण जाणे; दुखऱ्या कोपराला तिने दुसऱ्या हाताचा टेकू दिला होता.

"हं, बोल," मोठ्या बाई म्हणाल्या.

मुलगी उभी राहिली.

"बाई, आजीकडे चोर आलाय."