ब्रेकचं काय ते सांगा

"पोलिसांनी 'ताबा सुटला' एवढंच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला फक्त ब्रेकचं काय ते सांगा."

मेकॅनिकने मान हलवली. भिंतीवर आदळलेली निळी गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी होती. पुढचा भाग पार चेपला होता. बाईंचा एकुलता एक मुलगा तिच्यात गेला, त्याला तीन आठवडे झाले होते. बाई वाचनालयात कामाला होत्या. आज अर्धी रजा टाकून आल्या होत्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून स्टुलावर बसल्या होत्या.

त्याने आधी कंपनीचं पुस्तक काढलं. जाडजूड, ग्रीसच्या बोटांनी काळं पडलेलं. ब्रेकचं प्रकरण उघडून ओळीने तपासत गेला. पाइप शाबूत. ऑइल भरलेलं. पॅड नवे कोरे. बसवणाऱ्या पठ्ठ्याने एकेक नट पुस्तकात सांगितलाय तेवढाच आवळला होता. हल्ली इतकं मन लावून कोण काम करतं! एरवी त्याने तोंडभरून दाद दिली असती.

मग लॅपटॉप जोडला. या यंत्राशी त्याचं कधी पटलं नाही. दिवा का लागला ते सांगेल, पण गाडी कुरकुरते कशाने ते कानालाच कळतं, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. आज यंत्राने सगळंच सांगून टाकलं. आदळण्याआधीचे पाच सेकंद. ब्रेक दाबलेला नाही. ॲक्सिलरेटर तळापर्यंत. स्टिअरिंग सरळ.

त्याने पुन्हा पुन्हा वाचलं, पण आकडे तेच. त्याची मुलगीही त्या पोराच्याच वयाची होती. हे एका आईला कसं सांगायचं, ते पुस्तकातही नव्हतं आणि लॅपटॉपमध्येही नव्हतं.

"काय म्हणतंय यंत्र?"

त्याने लॅपटॉप मिटला. गिऱ्हाइकाशी आपण कधी खोटं बोललो नाही, याचा त्याला केवढा तोरा होता.

"ब्रेक फेल झाले होते, ताई. पोराने ब्रेक शेवटपर्यंत दाबून धरला होता. जिवाचा आटापिटा केला बिचाऱ्याने. त्याची काही म्हणता काही चूक नाही."

"नक्की?"

"माणूस चुकेल, ताई. यंत्र खोटं बोलत नाही."

बाईंनी वळून गाडीकडे पाहिलं. निदान एवढं तरी ओझं उतरलं, असं मनाशी म्हणत त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. स्वतःचे दोन्ही हात तेवढे उलटसुलट करून पाहिले.

"आदल्याच दिवशी मीच बदलले होते ते ब्रेक," त्या म्हणाल्या. "पुस्तक समोर ठेवून."